चेहरा नसलेलं चित्र

लग्न झालं तेव्हा आमचे हे फौजेत होते. रजेवर आले की मुरुडची माणसं फोटो घेऊन दारात यायची. कुणाला वारलेल्या वडिलांचं चित्र हवं असायचं, कुणाला नव्या सुनेचं. हे चेहरा हुबेहूब उतरवायचे. माझ्या शाळेतल्या बाईसुद्धा मागे लागायच्या.

मग सीमेवर लढाई झाली. हे परत आले. ह्यांच्या तुकडीतला उमरीकडचा दोस्त आला नाही. पुढं हे निवृत्त होऊन घरी आल्यावर त्या दोस्ताची आई फोटो घेऊन आली. "माझ्या लेकाचं चित्र काढून दे, बाबा," एवढंच म्हणाली.

ह्यांनी कागदावर टोपी काढली, खांदे काढले. डोळ्यांपाशी हात थांबायचा. असे कितीतरी आठवडे गेले. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ह्यांनी सगळ्या चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवलेला. त्यावर निळा आला, राखाडी आला, आणि मधोमध एवढासा तांबडा. मला काही कळलं नाही. शेजारी म्हणाले, "फौजी नुसता रंग सांडून राहिला." मला ते लागलं, पण ह्यांना मी अडवलं नाही.

ते चित्र कापडात गुंडाळून आम्ही दोघं एसटीनं उमरीला गेलो. मावशींनी, म्हणजे त्या दोस्ताच्या आईनं, बराच वेळ बघितलं.

"ह्यात माझा लेक कुठं हाय?"

"मावशी, त्याचा चेहरा काढाया बसलो की शेवटचाच चेहरा दिसतो मला. तो तुम्हाला द्यायचा न्हाई. ही आदल्या दिवसाची सकाळ हाय. चहूकडं बरफ, आन मधी आमचा स्टो. त्यानं चहा ठिवला व्हता."

मावशींनी तांबड्यावर बोट ठेवलं. "लई गोड करायचा चहा," म्हणाल्या, आणि खिळा शोधायला उठल्या.

त्यानंतर ह्यांनी चेहरे काढले नाहीत. लोक रुसले, येईनासे झाले. हे रंगच लावत राहिले.

यंदा नांदेडला ह्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. भरवणाऱ्यांना ते पहिलं चित्र हवं होतं. ह्यांनी मावशींना फोन केला. "न्हाई देत," त्या म्हणाल्या, "भिंत उघडी पडंल माझी." हे फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होते. एवढं मोठं कौतुक ह्यांचं कुणी केलं नव्हतं.

मी नवी साडी नेसून दाराशीच उभी राहिले. येईल त्याला सांगत होते, ही चित्रं माझ्या मालकांची.