गोळी न देणारा केमिस्ट

खांदेश्वरला आमच्या सोसायटीखाली त्याचं मेडिकल आहे. माणूस जवळच्याच गावचा, आगरी. डॉक्टरांची चिठ्ठी तो ओठ हलवत वाचतो आणि गिऱ्हाइकाकडे सहसा बघतच नाही. वर्षभर मी त्याच्याकडून गुडघेदुखीच्या गोळ्या नेत होते. एकदा मात्र तो माझ्या मानेकडे बघत राहिला.

"ताई, मान काली पडलीय तुमची. आज गोली देनार नाय. आदी शुगर तपासा."

मला रागच आला, पण धास्तीही वाटली. म्हणून गेले.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह झालेला नाही अजून. पण तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये, मान त्यानेच काळवंडलीय. नुसत्या वजनानेच नव्हे, यानेही गुडघ्यांची झीज वाढू शकते. वेळेत आलात."

ऐकून हायसं वाटलं. मग चार महिने खाणं सांभाळलं, रोज चालले. आता कठडा न धरता जिना चढते. हे त्याला सांगायला गेले, तेव्हा हातातली कात्री ठेवून तो स्टुलावर बसला.

"बरा झाला, ताई," तो म्हणाला. "माज्या आईला मी नुसत्या गोल्याच देत रायलो."