विरजणातली भाऊबंदकी

लागोपाठ चौथ्या सकाळी वर्देनं पातेल्यावरचं झाकण उचललं. दूध पातळच. दही लागलंच नव्हतं.

बेका खोऱ्यात तिच्या लबन्याला, दह्याच्या त्या घट्ट चक्क्याला, मोठा मान. विरजण सासूकडचं, युद्धात गाव सोडताना तिनं त्याची बरणी पोटाशी बांधून नेली होती. तेच मेलं की काय, अशी धास्ती वर्देनं घेतली.

गवळी नसीफ दारात आला तशी ती शेजारणींदेखत कडाडली, "गाईंना औषधं टोचतोस नि ते दूध माझ्या माथी मारतोस!"

"वर्दे, वीस वर्षं दूध घालतोय. पोरीची शपथ, एक सुई टोचली नाही."

"शपथा काय, फुकटच असतात!"

नसीफ माघारी फिरला.

तिनं दुसऱ्या गवळ्याचं दूध आणलं. तेही लागेना. बरणी आणि दुधानं भरलेला कॅन घेऊन तिनं झाहले शहरातली दूध तपासणारी प्रयोगशाळा गाठली.

तीन दिवसांनी तिथल्या तपासनीस घिन्वानं काचेची थाळी पुढं केली. "खाला, तुझं विरजण जिवंत आहे. ही पांढरी साय त्याचीच. पण तुझ्या दुधाचे थेंब टाकले तिथं बघ."

तिथं गोल, स्वच्छ, रिकाम्या जागा होत्या.

"औषध ना?"

"औषध नाही निघालं. दुसऱ्या जंतूंनी सोडलेलं विष आहे. विरजणाचेच भाऊबंद ते. जागेसाठी सख्ख्यांनाच मारतात. माणसाला त्याचं काही होत नाही."

"अगं, पण मी दूध उकळते!"

"जंतू मरतात उकळून. विष उरतं. उकळेपर्यंत दूध कशात ठेवतेस?"

"या कॅनमध्येच. दुपारपर्यंत."

घिन्वानं झाकणातली रबराची चकती उचकटली. खाली आंबूस, पिवळट थर साचला होता. चकती बदलून कॅन खळखळ उकळून घ्यायला तिनं सांगितलं.

विरजण वाचलं, पण नसीफला बोललेलं आठवून वर्देला त्याचा आनंद होईना.

दोन दिवसांत दही घट्ट लागलं. ती त्याच शेजारणींना सोबत घेऊन नसीफच्या गोठ्यावर गेली.

"चूक माझ्या घरातली होती, नसीफ. तुला उगाच बोलले."

नसीफ धार काढत राहिला. मान वर न करताच म्हणाला, "दूध दुसरीकडे लावलंय मी. उरलं तर पाठवीन."

ती रोज सकाळी फाटकाकडे बघत राहिली. अकराव्या दिवशी त्यानं अर्धा कॅन पाठवला.