देवीच्या नावाचा पासवर्ड

आपल्या ईमेल मंडळातल्या मैत्रिणींनो, आज घरात काय आलं ते आधी सांगते. फोनचं बिल सातशे वीस रुपये, देवीला नारळ आठ रुपये, आणि शेजारच्या मंदाताई, फुकट.

चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "वहिनी, रेखाला डॉक्टरनी परत बोलावलं ना? होईल हो मूल, देवी ओटी भरेल."

माझी लेक रेखा पुण्याला असते. ही गोष्ट तिनं ईमेलनं फक्त मला कळवली होती. सासूलाही सांगितलेली नाही, तेव्हा तुम्हीही पोटातच ठेवा.

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"आमच्या ह्यांनी तुमची मेल उघडून पाहिली," त्या हसून म्हणाल्या. "दरसाल गडावर जाता, मग पासवर्ड सप्तशृंगीच असणार."

"दुसऱ्याचं पत्र वाचलंत?"

"एमां शुं, त्यात काय एवढं, वहिनी? आपण काय परके?"

मला किळस आली. माझी पोर रडत रडत लिहिते आणि हे नवराबायको ते मिटक्या मारत वाचतात. "चहा संपवा आणि उठा," एवढंच म्हटलं.

चूक माझीही आहे. गल्लीला पाठ असलेलं नाव मी कुलूप म्हणून लावलं. आता बदललंय. त्यात देव नाही, गाव नाही, लेकरं नाहीत. तुम्हीही आजच बदला.

रेखाची सासू इथं जवळच, भेस्तानला राहते आणि मंदाताई तिथंच भिशीला जातात. तुमच्या कानावर काही आलं असेल तर उलट टपाली कळवा. पाकीट नीट चिकटवा, ईमेल नको.