सोमवारचा पाऊस

बाळांनो, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. 'हवामानबदल' हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. पाऊस घटला की सातपुड्याच्या पायथ्याच्या कपाशीचं आणि वरच्या मोहाच्या बहराचं काय होतं, एवढंच आम्ही तपासत होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याच्या कचेरीत होते.

शिरपूरच्या वरच्या अंगाला एका गावात आम्ही पर्जन्यमापक बसवला. नोंदीचं काम तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे, आबांकडे दिलं. नियम मी घालून दिले: कुंपणाच्या आत चपला नकोत, चिखल उडतो. हात धुऊनच भांड्याला हात लावायचा. रोज सकाळी ठरल्या वेळी जायचं, आणि भांड्यात जेवढं पाणी असेल तेवढं लिहायचं, मनचं काही नाही. आबांनी एकही नियम मोडला नाही.

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. आबांच्या वहीत मात्र दर सोमवारी चांगला पाऊस होता. वही इतकी नेटकी की मी खूश झाले. आकडे उतरवून सही केली आणि एक प्रत तालुक्याला दिली, कारण त्या भागात दुसरं मापक नव्हतं.

दसऱ्यानंतर चारा छावण्यांची यादी लागली. तीत ते गाव नव्हतं. आबा एसटीनं थेट कचेरीत आले.

"अक्का, आम्हना गावमा पानी पडनं म्हणतस. कोठे पडनं?"

"तुमच्याच वहीत आहे, आबा. दर सोमवारी."

"ते बायास्नं पानी शे. दर सोमवारले तांब्याभर टाकतस."

"बायका पाणी ओततात? मापकात? कशाला?"

"तुम्हीच सांगेल व्हतं, चप्पल काढा, हात धवा. मंग तो देव नई ते काय?"

"आणि तुम्ही ते लिहिलंत?"

"भांडामा व्हतं ना! मनचं लिखू नका, हाई बी तुम्हीच सांगेल व्हतं."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. आबाही थोडे हसले. मला हसू आलं नाही. वार तारखेशेजारी लिहिलेला होता, माझ्याच आखलेल्या रकान्यात. मी फक्त बेरीज पडताळली होती.

त्याच दिवशी आबांना घेऊन मी तालुक्याला गेले. चूक माझी, असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, "बाई, सही तुमची, दुरुस्तीही तुमचीच. मी कुठल्या कागदावर विश्वास ठेवू?" यादी पुढे गेलेली होती. फेरतपासणीचा अर्ज घेतला, एवढंच.

तपासणीला माणूस आला तो संक्रांतीनंतर. मीही सोबत गेले. त्यानं विचारलं, गावात जनावरं किती? आबांनी त्याला गोठे दाखवले, एकामागून एक. खुंटे तेवढे होते. आबांची जोडी दिवाळीतच बाजारात गेली होती.

त्यानं कागदावर लिहिलं: जनावरं नाहीत, सबब छावणीची गरज नाही. आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मजकूर खरा होता. मी केली.

मग आबांच्या सुनेनं आम्हाला चहा दिला. काळा.