पुढच्या माणसाची लाकडं

मर्व्ह हॅलिगनने न्यूझीलंडच्या उत्तरेत सांबरं मारली, दक्षिणेच्या बर्फाळ कड्यांवर रानबोकड मारले, पण जीव रमला तो एका आडदरीतल्या पत्र्याच्या खोपटात. लाल हरणांच्या माजाच्या दिवसांत तो दरवर्षी तिथे जायचा. तिथे उतरणाऱ्या शिकाऱ्यांची रीत एकच, निघताना पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवायची.

"हरीण सुटलं तरी चालेल, लाकडं विसरलास तर तंगडं मोडीन," असा दम त्याचा जोडीदार टेड द्यायचा. टेड जाऊन चार वर्षं झाली.

यंदा गावातला दुकानदार म्हणाला, "मर्व्हकाका, पायी कशाला मरताय? लोक हेलिकॉप्टरने जातात नि चहाला घरी येतात."

"त्यांना चालता येत नसेल," मर्व्ह गुरगुरला.

दोन दिवस चालून तो भिजत पोचला. चुलीशेजारी लाकडांची मोळी होती. कुणीतरी येऊन गेलं, म्हणून तो सुखावला. सोडायला वाकला, तर मोळीला त्याच्याच जुन्या बुटाची हिरवी नाडी होती. गेल्या वर्षी त्यानेच बांधलेली.

निघताना त्याने पुन्हा लाकडं फोडली. या खेपेला जरा बारीक फोडली. पुढचा माणूस वर्षाने म्हातारा झालेला असणार होता.