नंदीच्या उंचीचा नियम

२७ ऑगस्ट १९७८, रविवार. स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवत होते. तान्हा पोळा आठवड्यावर आला होता आणि पावसाने भिजून गळून पडलेल्या सूचना पुन्हा भिंतींवर लावायच्या होत्या. सूचना मीच लिहिलेली. महिला मंडळाची चिटणीस मीच होते. स्पर्धेत एका हाताहून उंच नंदी घेतला जाणार नाही, असा नियम तिच्यात होता.

पोळा खऱ्या बैलांचा. दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा; मुलांचा, लाकडी नंदींचा. मुले नंदी सजवून घरोघर फिरतात, बोजारा म्हणून पैसे, खाऊ मागतात आणि शेवटी मैदानावर जमतात. आदल्या वर्षी एका कापडवाल्याच्या घरचा नंदी आला तो माणसाएवढा उंच. चौघांनी ओढत आणला आणि पहिला नंबर घेऊन गेला. तळहाताएवढे नंदी घेऊन उभ्या असलेल्या मुलांकडे परीक्षकांनी वाकूनही पाहिले नाही. मंडळाच्या बैठकीत मी म्हणाले, सगळ्या मुलांना माप सारखे हवे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या तळहाताएवढ्या नंदींपैकी एक माझ्या मुलीचा होता, एवढे मात्र मी बैठकीत बोलले नाही.

खळ खाली उतरवत होते, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. आमच्या मागच्या गल्लीतल्या नंदी करणाऱ्या सुताराची बायको. ती नंदींच्या झुली शिवायची.

"काय झालं वं?" मी विचारले.

"काय होईन बाई? तुमी कागद लावला, आन् आमचं काम बसलं."

"अगं, लहान नंदी चालतीलच की. उलट जास्त खपतील."

"लहान तं सारेच करते. रस्त्यावर ढिगानं मिळते. मोठा आमच्याच घरी होते. चार सांगून ठेवले होते लोकायनं. आता म्हणते, मैदानात नेता येत नाई तं घेऊन काय करू?"

मी म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी इचारलं काहून नाई?"

मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर निघाले.

सुताराच्या ओसरीवर चार नंदी ओळीने उभे होते. माझ्या खांद्याला लागतील एवढे. तो स्वतः खाली बसून चाकाला तासणी लावत होता. मला पाहून त्याने तासणी खाली ठेवली, पण उठला नाही. समोरच्या घरात एक म्हातारा बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या माळा ओवत होता. पलीकडे दोघी बेगडाच्या पट्ट्या कापत होत्या. ही गल्ली मी रोज ओलांडत असे. इथली माणसे पोळ्याच्या आठ दिवसांसाठी वर्षभर हात चालवतात, हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. मला वाटे, स्पर्धा म्हणजे मुलांची गंमत, आणि ती आमचे मंडळ भरवते.

"लोक माहे नंदी पाहाले कामठीहून येते बाई," सुतार म्हणाला. "पाहाले आले का फुगे घेते, मिठाई घेते, पोराले टोपी घेते. हातभर नंदी पाहाले कोन येईन?"

"मुलांवर अन्याय होत होता हो."

"मंग बक्षीस सजावटीले द्या नं. नंदीची उंची काहून कापता?"

एवढी साधी गोष्ट. बैठकीत आम्ही अकरा जणी होतो आणि एकीलाही सुचली नाही. मी तर ती सुचूच दिली नव्हती; मला तो मोठा नंदी हरलेला पाहायचा होता.

चार नंदी कुणी सांगून ठेवले होते ते विचारून घेतले आणि तिथून मी थेट त्यांतल्या पहिल्या, त्याच कापडवाल्याच्या घरी गेले. त्याची बायको झोपाळ्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी नियम मागे घेतेय म्हटल्यावर ती हसली.

"आता काय करू वहिनी? तुमच्या नोटिसीनं आमचं पोरगं रुसलं, तं यायनं त्याले सायकल घेऊन देल्ली. आता त्याले नंदी नाई पायजे. कपडा आमी इकतो, पन माप लावून कापता तुमी!"

ते लागायचे तिथे लागले. बाकीच्या तीन घरीही तेच. एकाने नंदीच्या जागी रेडिओ घेतला होता, दोघे सणाला गावी निघाले होते. मी घरी आले. खळीवर साय धरली होती. ती मोरीत ओतली आणि नव्या सूचना लिहायला बसले: उंचीची अट नाही, बक्षीस सजावटीला. पण सूचना बदलून त्या चार नंदींना घर मिळणार नव्हते. ते मला शोधायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बाजाराच्या रस्त्यावर होते. पहिले दुकान मिठाईचे. मालक कढई घासून घेत होता. मी म्हणाले, "उंचीचा नियम मी केला होता. चूक माझी. तुमची मिठाई ज्या गर्दीला खपते, ती मोठे नंदी पाहायला येते. एक नंदी दुकानापुढे उभा करा."

"आता आठवली तुमाले आमची मिठाई?" तो म्हणाला. तरी त्याने एक घेतला. पुढच्या भांडेवाल्याने तर बसाही म्हटले नाही. चपलांच्या दुकानदाराने बराच वेळ घासाघीस करून दुसरा घेतला.

सांगायला म्हणून मी गल्लीत गेले. सुताराने एका नंदीची शिंगे उपटून बाजूला ठेवली होती आणि पाठीवर करवतीसाठी रेघ मारली होती.

"पाट होतीन दोन," तो म्हणाला. "लाकूड वाया नाई जात."

"दोन ठरलेत," मी म्हणाले. "हा राहू द्या."

"अन् बाकीचे दोन?"

मी मिठाईवाल्याचा आणि चपलांच्या दुकानाचा पत्ता कागदावर लिहून त्याच्या बायकोच्या हातात दिला. शिंगे पुन्हा बसतील का, विचारले. बसतील, पण सांधा दिसेल, असे तो म्हणाला. बसवा, म्हटले, आणि बाजाराच्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूची दुकाने उघडली असतील म्हणून उरलेल्या दोन नंदींसाठी तिकडे गेले.