नाळताई आणि एकशे बारावा नमुना

प्रसूती विभागात त्यांना सगळे नाळताई म्हणत. हुद्दा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा, पण काम एकच. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची नाळ कापली, की वारेकडे उरलेल्या तुकड्यातून चमचाभर रक्त काढायचं, नळीवर नंबर चिकटवायचा आणि बर्फाची पेटी घेऊन लगबगीनं प्रयोगशाळा गाठायची. तिथं त्या रक्तातले सूज दाखवणारे घटक मोजत. कोणत्या बाळाला पुढे श्वासाचा त्रास होईल हे त्यावरून आधीच ताडता येतं का, असा विभागाच्या डॉक्टरबाईंचा अभ्यास होता. "फेकून द्यायचं तेवढंच मी मागते," असं म्हणून नाळताई घरच्यांची संमती घेत. सहसा कुणी नाही म्हणत नसे.

एका मंगळवारी दुपारी त्यांची धाकटी बहीणच स्ट्रेचरवरून आली. सातवा महिना नुकताच लागला होता. खरं तर नमुना दुसऱ्या कुणी घ्यायचा, पण त्या कामाला दुसरं कुणी नव्हतंच. मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. नाळताईंनी नेहमीसारखं नाळेतून रक्त काढलं. नळीवर त्यांनी एकशे बारा नंबर चिकटवला.

अहवालात नावं नसत, फक्त नंबर. कागद आला तेव्हा त्यांनी बघायला नको होतं, पण बघितलं. एकशे बाराचा आकडा त्या पानावर सगळ्यात मोठा होता.

त्या तडक डॉक्टरबाईंकडे गेल्या. हा आकडा शंभर बाळांबद्दल काही सांगेल, एका बाळाबद्दल नाही. अभ्यास पुरा झाल्याशिवाय तो आईच्या कानावर घालू नका, असं बाईंनी समजावलं. नाळताईंना ते पटलं. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मात्र दर तासाला काहीतरी निमित्त काढून त्या काचेच्या पेटीपाशी जात आणि बाळाची छाती कशी वरखाली होते ते न्याहाळत राहत. बहिणीच्या नजरेतून ते कसं सुटणार?

"ताई, तू याच्याकडे मावशीसारखी बघत नाहीस," ती एक दिवस म्हणाली. "काय आलंय त्या रक्तात?"

"आकडा वाईट आलाय. त्याचा नेमका अर्थ अजून कुणालाच ठाऊक नाही."

बहिणीनं पेटीच्या काचेवर तळवा टेकवला.

"आठवडाभर एकटीच घाबरत बसलीस होय," ती म्हणाली. "सांगितलं असतंस तर दोघी मिळून घाबरलो असतो."

फुप्फुसं अडखळलीच. बाळ एकावन्न दिवस ऑक्सिजनवर होतं. दोनदा तर सगळ्यांनी आशा सोडली. वजन मुंगीच्या पावलांनी वाढलं, आणि शेवटी छोट्या सिलिंडरसकट स्वारी घरी गेली. आता भाचा पाच वर्षांचा आहे. जिना चढताना त्याला धाप लागते, बोलताना मुळीच लागत नाही.

अभ्यास पुरा झाला तेव्हा मोठ्या आकड्याच्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी ठणठणीत निघाली होती. नाळताईंनी डॉक्टरबाईंसमोर आपली चूक कबूल केली, बोलणीही खाल्ली. पण पुढच्या अभ्यासाच्या संमतीपत्रात एक प्रश्न घालाच, म्हणून त्यांचा पिच्छा पुरवला: आकडा कळला तर तुम्हाला ऐकायचा आहे का? अशा अभ्यासांना परवानगी देणाऱ्या रुग्णालयाच्या समितीनं तो मान्य करायला वर्ष लावलं.

बहुतेक आया 'हो'वर खूण करतात. परवा एकीनं 'नाही'वर केली. पोराकडे बघूनच काय ते कळू दे, म्हणाली. नाळताईंनी मान डोलावली, आणि कळ ओसरेपर्यंत तिचा हात धरून तिथंच बसून राहिल्या.